ग्रामीण कुमार वाद्यवृंदाचा ऑस्ट्रिया दौरा : आयोजक सेवेचे परीक्षण

तिवसा तालुक्यातील आमच्या शाळेच्या कुमार वाद्यवृंदाला मागील जुलैमध्ये ऑस्ट्रियातील युवा संगीत महोत्सवासाठी घेऊन जाणाऱ्या एका आयोजक सेवेचे हे परीक्षण आहे. शाळा, महाविद्यालये आणि भजनी मंडळे यांच्या वादकांना परदेशी नेण्याचे काम ही सेवा आपल्या नेहमीच्या सहलींपासून वेगळ्या विभागातून करते. तिच्याविषयीच्या काही तक्रारी अजून मिटलेल्या नाहीत, म्हणून तिचे नाव येथे देत नाही. मात्र असा दौरा आखणाऱ्या विदर्भातील शिक्षकांना आणि पालकांना कोणत्याही आयोजकाशी बोलताना हे उपयोगी पडेल असे वाटते.

सहलीत बस उशिरा आली तर एखादे प्रेक्षणीय स्थळ राहून जाते आणि मुले ते विसरूनही जातात. संगीतदौऱ्यात मात्र वाद्य सुरात आहे आणि वाजवणारे मूल ताजेतवाने आहे, अशा स्थितीत दोन्ही मंचावर पोहोचावी लागतात. बाकी सारी व्यवस्था त्यासाठीच असते. या कसोटीवर ही सेवा निघण्यापूर्वीच्या तयारीत फार चांगली ठरली, तिथल्या वेळापत्रकात कमी पडली आणि पैशांच्या व्यवहारात शेतकरी कुटुंबांचे वर्षचक्र तिला समजलेच नाही.

आमचा वाद्यवृंद पेटी, तबला, व्हायोलिन, बासरी, टाळ आणि खंजिरी अशा वाद्यांचा असून त्यात तीसेक मुलेमुली आहेत. गुरुकुंज मोझरी आमच्याच तालुक्यात असल्यामुळे येथील मुलांना खंजिरी शिकवावी लागत नाही. ती घरातूनच हाताला लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानमधील परिषदांना गेले होते, ही गोष्ट तर गावातील प्रत्येक मुलाला पाठ आहे. त्यामुळे खंजिरी आमच्या कार्यक्रमाच्या मध्यभागी असणार हे आधीपासून ठरलेले होते, आणि सेवेची पहिली परीक्षा नेमकी खंजिरीवरच झाली.

पहिल्याच बैठकीत त्यांच्या प्रतिनिधीने प्रत्येक वाद्याची माहिती भरण्यासाठी एक तक्ता दिला, आणि त्यात खंजिरीच्या पुढे ‘कातडे कशाचे’ असा रकाना होता. जुन्या खंजिऱ्या आणि दिमड्या अनेकदा घोरपडीच्या कातड्याने मढवलेल्या असतात. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘सायटीस’ कराराच्या पहिल्या परिशिष्टातही आहे. असे वाद्य विमानतळावर सापडले असते तर ते जप्त होऊन प्रश्न सुटला नसता. सोबत नेणाऱ्या मुलावर आणि शिक्षकावर कायद्याची कारवाई झाली असती. सेवेने सर्व खंजिऱ्या तपासून घेतल्या, केवळ बकरीच्या कातड्याच्या आणि कृत्रिम पडद्याच्या खंजिऱ्याच यादीत ठेवल्या, आणि प्रत्येकीचे छायाचित्र काढून ठेवले. हा एक प्रश्न वेळेवर विचारला गेला, एवढ्यासाठीच त्यांचे बरेचसे शुल्क सार्थकी लागले, असे माझे मत आहे.

तबल्याच्या बाबतीतही हीच दक्षता दिसली. तबलाजोडीतला उजवा, म्हणजे दायाँ, बहुधा शिसवीच्या लाकडाचा असतो, आणि शिसवीच्या प्रजाती २०१७ पासून सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्यामुळे वादकांची मोठी अडचण झाली होती. २०१९ मध्ये या परिशिष्टातील शिसवीपासून तयार झालेल्या वाद्यांना सूट मिळाली. सेवेने हे आम्हाला समजावून सांगितले आणि तपासणीच्या वेळी दाखवता यावे म्हणून त्या तरतुदीची प्रत वाद्यांच्या कागदांत ठेवली. तबल्याची हातोडी हातातील सामानात चालत नाही, ती मोठ्या सामानातच टाकावी लागते, ही साधी सूचनाही त्यांनी लेखी दिली होती. वाद्ये काही काळापुरती परदेशात नेऊन परत आणण्यासाठी एटीए कार्नेट नावाचा कागद मिळतो. भारतात तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. मात्र त्यासाठी तारण ठेवावे लागते. आमची वाद्ये साधी आणि मुलांच्या वैयक्तिक वापरातील असल्यामुळे सेवेने तो मार्ग न घेता मुंबई विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले. परतताना त्याचा उपयोग झाला आणि एकाही पेटीवर प्रश्न आला नाही.

या सेवेचे सर्वांत मोलाचे काम पट्टीच्या बाबतीत झाले, आणि त्याविषयी मला विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ग्रामीण वाद्यवृंदांना परदेशात खरी अडचण येते ती येथेच. महोत्सवात यजमान शहरातील युवा ऑर्केस्ट्रासोबत एक संयुक्त रचना वाजवायची होती. आपल्याकडील पेट्या साधारणपणे पांढरी सहा हा स्वर ४४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कंपने, धरून मिळवलेल्या असतात, तर व्हिएन्नाकडील वाद्यवृंद तोच स्वर ४४३ हर्ट्झच्या आसपास ठेवतात. हा फरक लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे आठव्या भागाइतका आहे. एकटे वाजवताना तो कोणाला जाणवणार नाही, पण दोन्ही स्वर एकत्र धरले की दर सेकंदाला तीन हेलकावे स्पष्ट ऐकू येतात आणि सारी रचना बेसूर वाटू लागते. व्हायोलिन तार ताणून वर घेता येते, तबला गठ्ठे ठोकून चढवता येतो. पेटीला मात्र मंचावर काहीच करता येत नाही.

सेवेच्या कार्यालयात संगीत शिकलेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी निघण्याच्या कितीतरी आधी यजमान ऑर्केस्ट्राकडून त्यांचा आधारस्वर विचारून घेतला आणि आम्हाला कळवला. नागपूरच्या एका पेटी-कारागिराने आमच्या दोन पेट्यांपैकी एकीचे सूर त्या मापाला चढवून दिले. पेटीतली रीड, म्हणजे स्वर देणारी पितळी जीभ, टोकाजवळ घासली की स्वर चढतो आणि बुडाजवळ घासली की उतरतो. काम नाजूक आहे, आणि एकदा चढवलेली पेटी परत खाली आणायची तर पुन्हा सर्व रीडना हात लावावा लागतो. म्हणूनच एक पेटी आपल्या मूळ सुरात ठेवण्याचा सल्ला त्यांनी दिला, जेणेकरून आमच्या स्वतंत्र कार्यक्रमात मुलांना सवयीचा सूर मिळावा. संयुक्त रचनेचा षड्जही त्यांनीच काळी एकवरून पांढरी दोनवर घ्यायला लावला, कारण तिकडच्या व्हायोलिनवादकांना मोकळ्या तारांमुळे ती पट्टी सोयीची पडते. त्या पट्टीच्या बासऱ्या आम्हाला वेगळ्या आणाव्या लागल्या. आमची मुले उन्हाळ्याच्या सुट्टीभर इलेक्ट्रॉनिक तानपुरा त्या मापाला लावून सराव करीत होती. तिथे पहिल्या तालमीत ओबो या फुंकवाद्याने स्वर दिला आणि आमची पेटी त्यात मिसळून गेली, तेव्हा यजमान ऑर्केस्ट्राच्या दिग्दर्शकांनी तालीम थांबवून तो स्वर पुन्हा एकदा धरायला सांगितला.

कार्यक्रमाच्या जागांविषयी सेवेचे मार्गदर्शन संमिश्र होते. त्यांच्या माहितीपत्रकावर व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनमधील सुवर्ण सभागृहाचे मोठे छायाचित्र आहे. १८७० मध्ये उघडलेले ते सभागृह जगातील सर्वोत्तम श्रवणगृहांपैकी एक मानले जाते, आणि साहजिकच पालकांचा समज असा झाला की मुले तेथे वाजवणार. प्रत्यक्षात आमचे कार्यक्रम एका चर्चमध्ये, एका शाळेच्या सभागृहात आणि एका उद्यानातील खुल्या मंचावर होते. या जागा कमी प्रतीच्या होत्या असे मुळीच नाही. चर्चमधील कार्यक्रम तर आमच्या वाद्यवृंदाचा आजवरचा सर्वांत चांगला कार्यक्रम झाला. पण जे सभागृह कार्यक्रमात नाही त्याचे छायाचित्र पत्रकावर असू नये, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे.

चर्चमधील अनुभव वादकांसाठी महत्त्वाचा आहे. आमची मुले समाजमंदिरात, शाळेच्या पटांगणात आणि मांडवात वाजवत आलेली, जिथे आवाज निघाला की विरून जातो. मोठ्या दगडी चर्चमध्ये तो चार-पाच सेकंद रेंगाळू शकतो. तालमीत द्रुत लयीतील तिरकिटाचे बोल एकमेकांत मिसळून गेले आणि टाळांचा नुसता कल्लोळ उरला. आमचा एक तबलावादक म्हणाला, “सर, थाप मारली का आवाज मांगून येऊन रायला जी.” त्याने अचूक ओळखले होते. आम्ही शेवटचा भाग मध्य लयीत आणला, टाळांच्या दोनच जोड्या ठेवल्या, खंजिरी पुढे पायरीजवळ घेतली आणि भजनाच्या दोन चरणांच्या मध्ये थोडी उसंत सोडली. दगडी भिंतींमुळे आत गारवा होता आणि गारव्यात बासरी उतरते, म्हणून बासऱ्या कार्यक्रमापूर्वी बराच वेळ आतच ठेवून फुंकून घेतल्या. हे सारे शक्य झाले, कारण सेवेने प्रत्यक्ष त्याच जागेत पूर्ण तालमीची वेळ मागून घेतली होती. ही वेळ मिळाली नसती तर मुलांची वर्षभराची मेहनत त्या घुमण्यात हरवली असती. त्या संध्याकाळी बाके भरून लोक मागे उभे होते, आणि खंजिरीचा शेवटचा ठेका संपल्यावर घुमणारा आवाज पूर्ण थांबेपर्यंत कोणीही टाळी वाजवली नाही. ते श्रोते जाणते होते आणि आमच्या मुलांना ते लगेच कळले.

वेळापत्रकाच्या बाबतीत मात्र माझी तक्रार गंभीर आहे. जुलैमध्ये ऑस्ट्रियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तेथील संध्याकाळी साडेसातचा कार्यक्रम म्हणजे आमच्या मुलांच्या शरीराला रात्रीचे अकरा. पहाटे उठणाऱ्या, रात्री लवकर झोपणाऱ्या खेड्यातील मुलांना हा बदल अंगवळणी पडायला वेळ द्यायला हवा होता. सेवेने मात्र पोहोचल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी पहिला कार्यक्रम ठेवला, आणि शाळेच्या सभागृहातील त्या कार्यक्रमात लहान मुलांच्या हातांतील जडपणा स्पष्ट ऐकू आला.

त्याहून वाईट दिवस साल्झबर्गचा होता. साल्झबर्गला गेट्रायडेगास या गल्लीत नऊ क्रमांकाच्या घरात २७ जानेवारी १७५६ रोजी संगीतकार मोझार्टचा जन्म झाला, आणि आता संग्रहालय झालेल्या त्या घरात त्याचे लहानपणीचे व्हायोलिन ठेवलेले आहे. आमच्या व्हायोलिन वाजवणाऱ्या मुली त्या काचेसमोरून हलायला तयार नव्हत्या. लहान मुलांच्या संगीतदौऱ्याचा सर्वांत प्रसिद्ध इतिहास याच घरातला आहे. जून १७६३ मध्ये लिओपोल्ड मोझार्ट आपली मुलगी नानेर्ल आणि सात वर्षांचा मुलगा यांना घेऊन युरोपभर निघाले आणि नोव्हेंबर १७६६ मध्ये परतले. त्या प्रवासात नेदरलँड्समधील हेग येथे दोन्ही मुले इतकी आजारी पडली की त्यांच्या जिवावर बेतले होते. हा इतिहास आमच्या सोबत्याने मुलांना फार चांगला सांगितला, आणि त्यानंतर त्याच मुलांना सुमारे तीनशे किलोमीटर बसने व्हिएन्नाकडे नेऊन त्याच संध्याकाळी उद्यानातील मंचावर बसवले. तिकडे साडेचार तास बस चालवल्यावर चालकाने पाऊण तास थांबलेच पाहिजे असा कायदा आहे आणि तो काटेकोरपणे पाळला जातो. वादकाच्या हातांना आणि ओठांना विश्रांती मिळावी याची काळजी आयोजकाने स्वतः घ्यायची असते. त्या संध्याकाळी बासरीवादक मुलाला वरच्या सप्तकातले स्वर लागेनात, आणि एक रचना आम्हाला गाळावी लागली. साल्झबर्ग मुक्कामाने करायला हवे होते किंवा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ठेवायला हवा होता.

व्हिसाच्या कामात सेवा काटेकोर होती, पण एका ठिकाणी चुकली आणि ती चूक पालकांना महागात पडली. ऑस्ट्रियासह अनेक युरोपीय देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. बारा वर्षे आणि त्याहून मोठ्या मुलांचे बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणून सर्वांना बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला न्यावे लागले; गटासाठी एकत्र वेळ घेण्याचे काम सेवेने चोख केले. जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांतील नावांच्या तफावती त्यांनी पासपोर्टच्या टप्प्यावरच शोधून काढल्या. दोन्ही पालकांची लेखी संमती लागते. आमच्या दोन मुलांचे वडील हयात नाहीत, आणि त्या मातांकडून कागद मागताना सेवेच्या कर्मचाऱ्यांनी दाखवलेली समज मला आवर्जून नोंदवावीशी वाटते.

चूक शुल्काची होती. जून २०२४ पासून या व्हिसाचे शुल्क प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांखालील मुलांना ४५ युरो आहे. परंतु नफ्याविना चालणाऱ्या संस्थेने आयोजित केलेल्या सांस्कृतिक कार्यक्रमासाठी, तशाच संस्थेचे प्रतिनिधी म्हणून जाणाऱ्या पंचवीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींना शेंगेनच्या व्हिसा संहितेत शुल्कमाफी आहे. आमची संस्था आणि यजमान संस्था या दोन्ही तशाच आहेत. सेवेने ही माफी मागितलीच नाही आणि पूर्ण शुल्क पालकांकडून घेतले. ती रक्कम परत मिळावी अशी आमची मागणी आहे. इतर शाळांनी अर्ज भरण्यापूर्वीच यजमान संस्थेचे निमंत्रणपत्र आणि तिच्या नोंदणीचा कागद जोडून माफी मागावी.

पैशांच्या हप्त्यांविषयी तर मला कळकळीने लिहायचे आहे. शेवटचा आणि सर्वांत मोठा हप्ता सेवेने जूनमध्ये मागितला. जूनमध्ये आमच्या भागात प्रत्येक घरात बियाणे, खत आणि पेरणी यांचा खर्च उभा असतो. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास आणि कापसाचा त्यानंतर वेचणीप्रमाणे येतो. ज्या सेवेचे कार्यालय विदर्भात आहे तिला हे माहीत असायला हवे. काही कुटुंबांनी पेरणीचे पैसे दौऱ्याला दिले आणि बियाणे उधारीवर घेतले, हे कळल्यावर गावातील लोकांनी वर्गणी काढून भार हलका केला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हप्ते ठेवले असते तर हे टळले असते. दुसरे म्हणजे परदेश सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, कापला जातो आणि तो आयकर विवरणपत्र भरून परत मागता येतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने आमचे बहुतेक पालक विवरणपत्र भरतच नाहीत. ते भरले तरच कापलेली रक्कम परत मिळते, ही माहिती पावतीसोबत मराठीत द्यायला हवी होती.

जेवण आणि निवास समाधानकारक होते. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे घरीच ठेवा, हे आधी सांगितले गेले. चिवडा आणि शेंगदाण्याच्या चटणीने मुलांची वेळ निभावली. मुलींसोबत सतत एक महिला सोबती होत्या आणि त्या मुलांशी वऱ्हाडीतच बोलत, त्यामुळे लाजरी मुलेही पोट दुखते, झोप लागत नाही अशा गोष्टी वेळेवर सांगू लागली.

व्हिसासाठी आवश्यक असलेला तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा पॅकेजमध्ये होता, पण त्यात वाद्यांचा समावेश नव्हता. परतीच्या प्रवासात एका पेटीच्या भात्याला चीर गेली आणि दुरुस्तीचा खर्च शाळेने केला. वाद्यांचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो निघण्यापूर्वी प्रत्येक वाद्याच्या किमतीसह लेखी मागावा.

पुढील वर्षी शेजारच्या तालुक्यातील एक शाळा याच सेवेमार्फत जाण्याचा विचार करीत आहे आणि तिने माझे मत विचारले. जावे, असे मी सांगितले आहे, कारण वाद्यांची आणि सुराची इतकी जाण असलेला दुसरा आयोजक मला आपल्या भागात भेटलेला नाही. पहिल्या कार्यक्रमापूर्वी दोन पूर्ण मोकळे दिवस, लांबच्या प्रवासाच्या दिवशी कार्यक्रम नाही, आणि हप्ते कापसाच्या हंगामात, या तीन अटी करारात लिहून घ्याव्यात असेही सुचवले आहे. कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणाचे आश्वासन आम्हाला तोंडी मिळाले होते आणि हाती आली ती मोबाइलवरची चित्रणे. चर्चमधील कार्यक्रमाचे चांगले मुद्रण यजमानांनी स्वतःहून पाठवले. म्हणून मुद्रण कोण करणार आणि त्याची प्रत किती दिवसांत मिळणार, हेही त्याच कागदावर यावे.